आठ महिन्यांपूर्वीचं माप

लोकांचे दात बनवणं हा माझा धंदा. डॉक्टर तोंडातलं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून जबडा उभा करतो, मेणात दात रचतो आणि शेवटी गुलाबी हिरडीची चकचकीत कवळी डबीत घालून परत पाठवतो. बावीस वर्षं हेच करतोय. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या तोंडात आठ महिने एकही दात नव्हता, हे मात्र सांगत नाही.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. प्रत्येक डबीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर कवळी द्यायची तारीख. जिची तारीख जवळची, ती डबी पुढे. बाबांची डबी आली तेव्हा मीच चिठ्ठीवर लिहिलं, 'घरचं'. तारीख टाकलीच नाही. घरचंच तर आहे, पळून थोडंच जातंय! तारीख नसलेली डबी वरच्या फळीवर जाते आणि तिथून तिला कुणी हलवत नाही. पहिल्या महिन्यात बाबांनी विचारलं, "झाली का रे?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात." दुसऱ्या महिन्यात विचारलं, तेव्हाही पुढच्याच आठवड्यात. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. चाळीस वर्षं कात्रीच्या जोडीने त्यांची जीभही चालली. गिऱ्हाइकाच्या मानेवरचा टॉवेल निघेपर्यंत त्याच्या घरच्या सगळ्या भानगडी बाबांना ठाऊक झालेल्या असत. सुट्टीच्या दिवशी दुकानात रांग लागायची, पण आधी खुर्चीत बसायचो मी आणि ताई. बाहेर कुणी कुरकुरलं तर बाबा कात्री न थांबवता म्हणायचे, "जरा दम धरा हो. आधी माझी पोरं."

दात काढल्यापासून तोच माणूस तोंडावर हात धरून बोलायला लागला. एकदा जेवताना सुपाचा ओघळ हनुवटीवर आला आणि माझ्या बायकोने अगदी सहज नॅपकिन पुढे केला. तिच्या मनात काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून बाबा टेबलावर आलेच नाहीत. "माझं ताट खोलीतच दे. मला बातम्या ऐकायच्यात," म्हणाले. बातम्यांचं कौतुक त्यांना कधीपासून, असं आम्ही एकमेकांना विचारलंसुद्धा. मग आम्ही ताट खोलीत द्यायला लागलो. पातळ सूप, कुस्करलेला बटाटा, दुधात भिजवलेला ब्रेड.

त्या बुधवारी ताईचा फोन आला. ती लांब राहते, वर्षातून एकदाच येते. "रविवारी येतेय. संध्याकाळी सगळे मिळून जेवू. बाबांची कवळी कशी बसलीय?"

"झकास," मी म्हटलं.

फोन ठेवला. ताई तिखट आहे. तिच्यासमोर बाबा खोलीत ताट घेऊन बसले असते तर तिने माझी बिनपाण्याने केली असती. मला बाबांना रविवारी टेबलावर आणायचं होतं. कसंही करून.

गुरुवारी मी फळीवरून डबी काढली. धूळ फुंकली. प्लॅस्टरचा जबडा जसाच्या तसा होता, त्याला काय होतंय? होतं ते माणसाच्या तोंडात होतं. दात काढले की हिरडी आतून बसत जाते, पहिल्या वर्षात तर फारच भराभर. डॉक्टरांनी माप पाठवताना बजावलं होतं, "महिन्याभरात करा." मी स्वतः नव्या पोरांना हेच शिकवतो, की माप जुनं झालं तर फेकून द्या आणि नवीन मागवा.

पण नवीन माप म्हणजे बाबांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचं. डॉक्टर विचारणार, "अजून झालीच नाही?" आणि बाबा शेजारी बसून ऐकणार. मला ते नको होतं. मी मनाला समजावलं, असा कितीसा फरक पडला असेल? मेणातली कवळी आधी तोंडात घालून बघायची असते, तेही टाळलं. कारण घातली असती तर दिसलं असतं. दोन दिवस रजा टाकून, पण लॅबमध्येच मान मोडेस्तोवर बसून मी बाबांची कवळी केली. दिसायला इतकी सुरेख, की लॅबचे मालकही म्हणाले, "वा, जीव ओतलायस."

रविवारी सकाळी घरीच ती बाबांच्या तोंडात बसवली. बाबांनी आरशासमोर उभं राहून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जसं ते गिऱ्हाइकाला पाहायचे. मग हसले. आठ महिन्यांनी ओठांवर हात न ठेवता हसले.

"बसली?" मी विचारलं.

"बसली की," ते म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळचा बेत बायकोने ठरवला होता. "भाजलेले मीटबॉल करू, इटालियन. तळायची भानगड नाही, ओव्हनमध्ये ढकलले की झालं. आणि मऊ होतात. बाबांचा कवळीचा पहिला दिवस आहे, कडक काही नको." मी म्हटलं, आज मीच करतो, तू फक्त सांग. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी परका शिरलाय.

तिने सांगितलं तसं मी ब्रेडच्या कडा काढून तो दुधात भिजवला. भिजेपर्यंत कांदा किसला आणि डोळे पुसत बसलो.

"रडतोयस कशाला? अजून ताई यायचीय," बायको म्हणाली.

भिजलेला ब्रेड हातात आला तेव्हा जरा थबकलो. हाच ब्रेड बाबा आठ महिने खात होते. मग तो खिम्यात घातला, अंडं फोडलं, लसूण, मीठ, मिरपूड, थोडा ओरेगॅनो, मूठभर किसलेलं चीज.

"मळू नकोस, नुसतं कालव. दाबलंस की दगड होतील," बायको म्हणाली.

गोळे करायला लागलो आणि हात धंद्यावर गेले. एकसारखे, गुळगुळीत, कुठे भेग नाही. प्रत्येक गोळा उजेडात धरून बघत होतो. बायकोने कपाळावर हात मारला. "अरे, दाढा नाहीत त्या! चोवीस गोळ्यांना तास लावलास तर जेवायचं कधी?"

ट्रेमध्ये कागद पसरून गोळे मांडले, तेलाचा हात फिरवला आणि ट्रे तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. वीस मिनिटं. तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर टोमॅटोचा सॉस रटरटत होता. घरभर वास सुटला. ताई दारातूनच ओरडली, "कुणाच्या घरी आलेय मी? आमच्याकडे असला वास कधीच नसतो!" ती थेट बाबांच्या खोलीत गेली, आणि पाठोपाठ आतून बाबांचं हसणं ऐकू आलं. माझ्या जिवात जीव आला.

बाबा टेबलावर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. आपल्या जुन्या खुर्चीत बसले. बायकोने पास्ता वाढला, त्यावर सॉस आणि चार मीटबॉल. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "कुणी केलेत?"

"तुमच्या लेकाने," बायको म्हणाली.

"आणि दातही त्यानेच केलेत," बाबा ताईला म्हणाले. "एकदम फिट." ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. मी खूश व्हायला हवं होतं.

तेवढ्यात मला आवाज ऐकू आला. टक्. अगदी बारीक, जिभेच्या टोकाने काढल्यासारखा. टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तो ऐकू आला नसेल. मी बावीस वर्षं तो आवाज ओळखतो. कवळी सैल असली, घासागणिक उचलली जात असली, की तसा आवाज येतो. मी ताटात बघत राहिलो, पण कान तिकडेच. टक्. टक्. मग हळूच पाहिलं. बाबा चावतच नव्हते. चमच्याने मीटबॉलचा बारीक तुकडा करायचे, जिभेने टाळूवर दाबायचे आणि गिळायचे. मध्येच डावा डोळा किंचित बारीक व्हायचा. तशातही ते ताईला दुकानातली जुनी भानगड रंगवून सांगत होते आणि ताई पोट धरून हसत होती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. सगळे हसत होते म्हणून मूग गिळून बसलो. तिसऱ्या मीटबॉलला बाबा उठले. "हात धुऊन येतो," म्हणाले. मी मागोमाग गेलो.

बेसिनपाशी त्यांनी कवळी काढून हातात धरली होती. चूळ भरली ती लालसर.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

खालच्या हिरडीवर डावीकडे जखम होती, चांगली नखाएवढी.

"सकाळपासून दुखतंय?"

त्यांनी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू दोन दिवस रजा टाकून बसला होतास," ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द पुन्हा सैल झाले होते आणि हात आपोआप ओठांवर गेला होता.

"माप जुनं होतं," मी म्हटलं. "मला माहीत होतं. तुमची डबी मी विसरलो होतो आणि ते तुम्हाला कळू नये म्हणून जुन्या मापावरच केली. चुकलं माझं. फार चुकलं."

बाबांनी कवळी धुतली, खिशात ठेवली. मग टेबलाकडे न वळता खोलीकडे निघाले. "उरलेलं आत पाठव. ताईला सांग, जरा पाठ धरलीय."

मी टेबलावर येऊन त्यांचं ताट उचललं. ताईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सांगतो. सगळं सांगतो." ताटात आणखी दोन मीटबॉल घातले आणि खोलीत नेलं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. समोर छोटं स्टूल, त्यावर मी ताट ठेवलं. त्यांनी मीटबॉल सबंध तोंडात टाकला, हिरड्यांनीच दोनदा चेपला आणि आरामात गिळला. मग दुसरा. डोळा बारीक झाला नाही, चेहरा आक्रसला नाही. दूध प्यालेला तो ब्रेड आत लोण्यासारखा विरघळत होता. हे खायला दात लागतच नव्हते. तासाभराचं काम होतं, आम्ही कुठल्याही संध्याकाळी करू शकलो असतो.

मी नेहमीसारखा मागे सरकलो, दाराच्या कडीला हात घातला.

बाबांनी वर पाहिलं. "तुझं ताट कुठंय?"

आठ महिने आम्ही पाळीपाळीने त्या स्टुलावर ताट ठेवत होतो आणि बातम्यांचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून दार ओढून घेत होतो. आपलं ताट घेऊन आत बसावं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.