वासरासकट वजन

सोनगीरच्या सुपडूनानांची खिलार गाय व्याली, तेव्हा त्यांची बायको बेबाबाई हयात होती. नाना आधी एकटे वजनकाट्यावर उभे राहिले, मग वासराला कवेत घेऊन. बेबाबाईने तोंडी वजाबाकी करून वासराचं वजन सांगितलं. पुढच्याच आठवड्यात बेबाबाई वारली.

त्यानंतर नाना दर सोमवारी वासराला उचलून काट्यावर चढत आणि त्यातून स्वतःचं तेच जुनं वजन वजा करत. वासरू काही वाढत नव्हतं. उचलताना दम मात्र जास्त लागायचा. "गावठी जात, ती काय वाढणार," असं शेजारी म्हणाला, तेव्हा नानांनी त्याला अंगणातून हाकललं आणि गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

चारुलताबाईंनी वासराच्या छातीभोवती मोजपट्टी धरली.

"वासरू छान भरलंय, नाना. आता तुम्ही एकटे उभे राहा बरं."

नाना उभे राहिले. काटा जुन्या आकड्याच्या बराच अलीकडे थांबला.

"किती उतरलात तुम्ही. जेवता ना?"

नाना खाली उतरले. वासरू त्यांचं धोतर चाटत होतं.

"वासरू बरं शे ना?" त्यांनी विचारलं. "मंग बठ्ठं सगळं बरं शे."