सांडव्यावरची भिंत

ज्या वर्षी काठावरच्या वसाहतीतल्या पद्माकररावांच्या मुलीचं, हेमलतेचं, बारसं झालं, त्याच वर्षी माझ्या डोक्यावर भिंत चढली. म्हणजे १९६३ साल. त्याआधी माझ्या डोक्यावर फक्त बगळे बसत, आणि तेही पाय धुऊन उडून जात.

मित्रांनो, मी एक जुना सांडवा आहे. बंगळूरला जयनगरच्या पलीकडे एक तळं होतं, त्याच्या बांधाला मला बसवलेलं होतं. तळ्याचं नाव सांगून उपयोग नाही. आता त्या नावाचा फक्त बसथांबा उरला आहे. सांडवा म्हणजे काय, हेही हल्ली सांगावं लागतं. तळं भरलं की जादा पाणी जिथून बाहेर पडतं, ती दगडी जागा. बांध मातीचा असतो. त्याच्या माथ्यावरून पाणी गेलं की माती सुटते. म्हणून मला बांधापेक्षा हातभर खाली ठेवलेलं असतं. एवढंच माझं काम. तुम्हा मुलांना कळलं ना? मग मोठ्यांना का कळू नये?

पाथरवटांनी मला करड्या कातळातून घडवलं. माझ्यावरून सांडलेलं पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जाई, तिथून आणखी खाली. उन्हाळ्यात तळं आटलं की शेतकरी गाड्या घेऊन येत आणि तळातला गाळ आपल्या शेतात नेऊन टाकत. शेताला खत मिळे, तळं खोल राही. कोणाला सांगावं लागत नसे.

बांधाखाली परसूचा पालेभाजीचा मळा होता. परसू आणि त्याची बायको गंगव्वा चिकोडीकडची. मी पहिल्यांदा वाहू लागलो की गंगव्वा हळदकुंकू आणि खण घेऊन येई आणि माझी ओटी भरी. तो माझा मानाचा दिवस.

मग खताच्या गोण्या आल्या. गाळ न्यायला कोणी येईना. तळं उथळ होत गेलं. त्याच सुमारास काठावर सरकारी कारखान्यातल्या मराठी इंजिनिअरांची वसाहत झाली. माणसं चांगली. गणपती धूमधडाक्यात बसवत. मांडव बांधाला लागूनच असे, त्यामुळे आरत्या आणि भांडणं दोन्ही मला ऐकू येत.

१९६२ साली त्यांचा गणपती बुडेना. पाणी गुडघाभर. मूर्ती गाळात रुतून उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी मुकुटावर कावळा बसला. पद्माकररावांच्या पत्नी प्रेमाताई ढसाढसा रडल्या.

तळं खोल करायचं तर गाळ काढायचा. पण घमेली उचलणार कोण? पद्माकरराव मंडळाचे अध्यक्ष. ते माझ्यावर उभे राहून म्हणाले, "पाणी कमी नाहीच मुळी. आपण वाहू देतो ते जास्त आहे. इथे दीड हात भिंत घालू. विसर्जन झालं की पाडून टाकू."

परसूही खूश. "घाला की अण्णा. माझ्या मळ्यालाबी स्वल्प जास्त पाणी मिळंल."

"आणि लई झालं तर?" गंगव्वाने विचारलं.

"तर पाडू. भिंतच हाय, किल्ला न्हाई."

विटा-मातीची घालायची ठरली होती. पण मंडळाचे चिटणीस बिंदुमाधव यांच्याकडे व्यासपीठाचं सिमेंट उरलं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यांनी माझ्यावर ओतलं. गृहस्थाने आयुष्यात एक काम पक्कं केलं, ते नेमकं हे.

त्या वर्षी मूर्ती छान बुडाली. हार भिंतीला घातला, मला नाही. मग भिंत पाडायची वेळ आली. मंडळ म्हणे, परसू पाडेल. परसू म्हणे, भिंत साहेबांची. वर्षभर दोघेही तिच्यावर बसून गप्पा मारत राहिले!

१९६४ साली पावसाने ऐन गणपतीत ठाण मांडलं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी पाणी बांधाच्या काठाला टेकलं. गंगव्वा भिजत मांडवात आली.

"अण्णा, भिंत फोडा. आत्ता."

"अगं, उद्या तर अनंत चतुर्दशी. परवा सकाळी मी स्वतः पहार घेऊन येतो," पद्माकरराव म्हणाले.

प्रेमाताईंच्या हातात प्रसादाचं ताट होतं. त्या म्हणाल्या, "गंगव्वा, मागे मूर्तीवर कावळा बसला होता, आठवतं ना?"

"आठवतं की अक्का. कावळा उडून गेला. माझं घर कुठं उडून जाणार?"

"गप गं," परसू तिला म्हणाला. "देवाचं काम हाय. एका दिसानं काय होतंय?"

"सरी, बरं तर. मग उद्या बुडू दे देवाबरोबर मलाबी," म्हणत ती निघून गेली. पद्माकरराव हसले. बिंदुमाधवही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक बांधावर आली. पुढे लेझीम, मागे बैलगाडीत मूर्ती. आणि बांधावरून पाणी पलीकडे उतरू लागलेलं. गंगव्वा एकटी माझ्यावर उभी राहून पहारीने भिंत ठोकत होती. ठिणग्या उडत होत्या, टवका निघत नव्हता. पद्माकररावांनी ते पाहिलं. झांजा टाकून धावत आले, तिच्या हातातली पहार घेऊन घाव घालू लागले. "परसू, अरे ये!" असं ओरडत होते. पण परसू शेळ्या सोडायला खाली मळ्यात धावला होता.

बांध माझ्या शेजारीच फुटला. भिंतीला तडासुद्धा गेला नाही.

संध्याकाळपर्यंत तळं रिकामं झालं. चिखलात तडफडणारे मासे लोकांनी टोपल्या भरभरून नेले. मूर्ती गाडीतच राहिली. ती दूर दुसऱ्या तळ्यावर न्यावी लागली. पुढे सरकारी साहेब लोक येऊन बघून गेले. म्हणाले, आता घरोघर नळ येताहेत, तळं हवंय कशाला? बांध कोणी बांधला नाही. तळात खुंट्या ठोकून घरांसाठी जागा आखल्या. दोन उन्हाळ्यांत वसाहतीच्या विहिरी आटल्या, आणि प्रेमाताई कळशी घेऊन नळावरच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी एका कुंपणाआड पडलो आहे. लोक माझ्यावर कचरा टाकतात. टाका बापडे.

मित्रांनो, तळं खोल हवं असेल तर गाळ काढा. हात मळतील, मळू द्या. पाण्याची वाट मात्र अडवू नका, देवासाठीही नाही. आणि कोणी "परवा पाडू" म्हणालं, तर त्याच्या हातात तिथल्या तिथे पहार द्या.

परसू १९६४ सालच्या अनंत चतुर्दशीला, दुपारी, बांधाखाली वाहून गेला. तो दुसऱ्या दिवशी खालच्या तळ्याच्या काठी सापडला.