शाळेसाठी वाळीत

माझी धाकटी मुलगी चाबहा डोंगरापलीकडच्या गावात दिली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. लग्न जैतुणाचा, म्हणजे ऑलिव्हच्या तोडणीचा, हंगाम उरकल्यावर करायचं ठरलं होतं, म्हणून तो सगळा डिसेंबर मी एक पाय घरात आणि एक पाय व्याह्यांच्या गावात अशी होते.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पाचवीच्या परीक्षेत आमच्या शाळेची निम्मीअधिक मुलं नापास झाली होती. हेडमास्तर बूजमा नवीन आले होते. ते सभेत गेले. आमच्या गावात पुरुषांची सभा वेशीजवळच्या दगडी बाकांवर बसते आणि तिथे ठरलं ते सरकारच्या कायद्यापेक्षा जास्त पाळलं जातं. हेडमास्तर म्हणाले, मुलं माझ्याकडे अर्धा दिवस असतात, उरलेला वेळ तुमच्याकडे, एकट्या शाळेच्यानं हे गाडं ओढवणार नाही. पुरुषांना ते पटलं. सभेचे प्रमुख दा लुनीस स्वतः निरक्षर होते. त्यांनीच पुढे होऊन ठराव मांडला. प्रत्येक घरानं शाळेच्या शेगडीला लाकडं द्यायची. दर आठवड्याला एका मुलाच्या बापानं वर्गात मागे बसून शिकवणं बघायचं. संध्याकाळी मुलांचा अभ्यास होईपर्यंत टीव्ही बंद. जैतुणाच्या दिवसांत एकही मूल झाडाखाली दिसता कामा नये. आणि कारण नसताना जो मूल घरी ठेवील, त्याचं घर वाळीत.

वाळीत टाकणं आमच्याकडे जुनं आहे. शेताचा बांध सरकवला, झऱ्यात घाण टाकली, तर टाकायचे. त्या घराशी कोणी बोलत नाही, त्याच्या कामाला जात नाही, लग्नाला बोलवत नाही. शाळेसाठी ही शिक्षा लावणारं आमचंच गाव पहिलं, असं पुरुष कौतुकानं सांगत. शाळाही बदलली, हे खरं. शेगडी पेटलेली, मुलं वेळेवर. तंबाखू विकणारा बलीद वर्गात मागे बसून आला आणि महिनाभर गिऱ्हाइकांना भूगोल शिकवत होता.

माझ्या भिंतीला भिंत लागून मल्हाचं घर. तिचा नवरा मुकरान दूर दक्षिणेला वाळवंटात तेलाच्या विहिरींवर कामाला, वर्षातून एकदा यायचा. घरात मल्हा, तिची दहा वर्षांची देहबिया आणि सासू घनिमा. देहबिया पाचवीला होती. चुणचुणीत पोर. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, माझं विजेचं बिल तीच वाचून दाखवायची आणि वर, मोठ्या बाईला आम्ही म्हणतो तसं न्ना म्हणून, दोन शब्द सुनवायची, की न्ना फरूजा, दिवे किती जाळतेस. घनिमाबद्दल काय सांगू. गावातल्या बायकांची भांडणं तिच्या उंबऱ्यावर मिटायची. दोघींना समोरासमोर बसवायची, मध्ये अंजिरांची ताटली ठेवायची आणि ताटली रिकामी होईपर्यंत कोणाला उठू द्यायची नाही. गावातल्या निम्म्या पुरुषांना जन्मताना पहिला हात तिचा लागलेला.

नोव्हेंबरात देहबिया शाळेतून गळाली. वर्गाच्या नुआराबाईंनी निरोप पाठवला. मल्हानं कधी दात सांगितला, कधी ताप, कधी पोट. मग हेडमास्तरांनी ठरावाप्रमाणे सभेला कळवलं आणि दा लुनीस बलीदला घेऊन मल्हाच्या दारात आले. मी माझ्या अंगणात ताट चोळत होते, मला सगळं ऐकू आलं.

"पोरीला काय झालंय, मल्हा?"

"पोट दुखतंय."

"मागच्या आठवड्यात दात दुखत होता."

"तो पोटात गेला असेल, दा लुनीस."

बलीदला हसू फुटलं. त्यानं दा लुनीस जास्तच भडकले. म्हणाले, सगळं गाव राबतंय आणि तू थट्टा करतेस, म्हातारीला बोलव, तिच्याशी बोलतो. मल्हा म्हणाली, सासूचे सांधे धरलेत, ती उठत नाही. आणि मग ती जे बोलायला नको होतं ते बोलली.

"माझी पोर, माझं घर. तुमची सभा माझ्या चुलीपर्यंत येत नाही."

शुक्रवारी घर वाळीत पडलं.

जैतुणाच्या दिवसांत वाळीत पडणं म्हणजे काय, ते ज्याची झाडं आहेत त्यालाच कळेल. आम्ही सगळे सावडीनं तोडतो. आज तुझी झाडं, उद्या माझी. पुरुष फांद्या झोडतात, बायका वेचतात, आणि एकेक बाग दोन दिवसांत हातावेगळी होते. मल्हाची झाडं दरीच्या उतारावर, आणि तिच्या सावडीला आता कोणी नव्हतं. ती अंधारात निघायची आणि अंधारात यायची, पाठीवर पोतं. ती शेतावर, मग पोर घरी. म्हणजे पोर शाळेत यावी म्हणून जे केलं, त्यानंच पोर आणखी घरात अडकली. हे सभेत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात काय चाललंय ते कोणाला माहीत नव्हतं.

मला भिंतीमुळे कळलं. घनिमा शेळ्यांना हाका मारायची. त्या घरात शेळ्या राहिल्या नव्हत्या, मुकरान लहान असतानाच विकल्या होत्या. कधी ती आपल्या आईला हाक मारायची. मग देहबियाचा आवाज यायचा, पाढे म्हणणारा, एकापाठोपाठ एक, आणि म्हातारी शांत व्हायची. एका दुपारी मी लाकडाच्या ओंडक्यावर चढून भिंतीवरून पाहिलं. घनिमा झगा उलटा घालून बसली होती. तिचे दोन्ही हात देहबियाच्या मांडीवर, आणि पोर शाळेच्या अरबीत पाढे म्हणत होती. घनिमाला आमच्या बोलीपलीकडे अरबीचा शब्द येत नव्हता. तिला ते कुराण वाटत असावं, कारण प्रत्येक पाढ्याच्या शेवटी ती आमीन म्हणायची.

देहबियानं मला पाहिलं. तिनं पाढा थांबवला नाही, फक्त मान हलवली, की सांगू नकोस.

त्या संध्याकाळी मी मागच्या दारानं मल्हाकडे गेले. सभेचा ठराव मोडला, तो मोडला. ती चुलीपुढे हात शेकत होती, बोटं फुटून रक्ताळलेली. ती म्हणाली, की आपली आठवण जातेय हे घनिमाला पहिल्यांदा स्वतःलाच कळलं होतं, आदल्या वर्षी, डोकं ठिकाणावर होतं तेव्हा. तिनं सुनेला समोर बसवून शपथ घातली होती, की मी अशी झाले तर मला लोकांना दाखवू नकोस, ज्यांची भांडणं मी मिटवली ते मला हसतील. मी म्हटलं, सभेला सांग, उद्या हे वाळीत टाकणं संपेल. मल्हानं मान हलवली.

"ती मेल्यावर सांगेन. जिवंतपणी नाही."

मी गावात कोणाला सांगितलं नाही. पण नुआराबाई खालच्या शहरातल्या, शाळेमागच्या खोलीत राहायच्या. गावाच्या नसलेल्या त्या एकट्याच होत्या आणि त्यांना सभेचा ठराव लागू नव्हता. मी त्यांच्या कानावर घातलं. त्या दुसऱ्याच दिवशी मल्हाकडे गेल्या, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. घनिमापुढे मांडी घालून बसल्या, तिच्या हाताचं चुंबन घेतलं. घनिमानं त्यांना ओळख विचारली, मग पुन्हा विचारली, मग पुन्हा, आणि बाईंनी दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं.

मग बाई मल्हाला म्हणाल्या, आजींना वर्गात आणा, शेगडीजवळ बसतील, पोरीचा आवाज त्यांच्या कानावर राहील. मल्हा म्हणाली, म्हणजे चाळीस पोरं तिला हसायला मोकळी. बाई म्हणाल्या, माझ्या वर्गात हसणार नाहीत. मल्हा म्हणाली, बाई, तुमच्या वर्गात नाही हसणार, घरी जाऊन हसतील.

परीक्षा तोंडावर होती. हेडमास्तर स्पष्ट म्हणाले होते, की पहिल्या सत्राचे पेपर दिले नाहीत तर पोरीचं नाव पाचवीतून कमी होईल आणि वर्ष जाईल. मुलीचं एकदा वर्ष गेलं, की आमच्याकडे ती परत शाळेत जात नाही, घरातच राहते, हे मल्हालाही ठाऊक होतं. तिला स्वतःला तसंच बसवलं होतं. शेवटी एवढं ठरलं, की पेपर असतील त्या सकाळी मल्हा शेतावर जाणार नाही, सासूजवळ थांबेल, देहबिया पेपर लिहून परत येईल. बाई हेडमास्तरांकडे गेल्या, म्हणाल्या, घरात खरं कारण आहे, मी बघून आले, ते मी सांगू शकत नाही, हे वाळीत टाकणं उठवा. ते म्हणाले, मी टाकलेलं नाही, मी कसं उठवू, शुक्रवारी सभा बसेल तेव्हा बोलू.

पेपर सोमवारी सुरू झाले. सोमवार नीट गेला. मंगळवारी मी चाबहाचे कपडे आणि घोंगडी घेऊन व्याह्यांकडे गेले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ते इतक्यांदा ऐकलं आहे, की आता मी तिथे होते असंच वाटतं.

मल्हा चुलीजवळ बसली. आदल्या दिवशी पेपर संपल्यावर ती अंधार पडेपर्यंत झाडाखाली होती, एकटी. ऊब लागली आणि तिचा डोळा लागला.

घनिमा उठली, दार उघडलं आणि अनवाणी बाहेर पडली. झऱ्यावर बायका पाणी भरत होत्या. तिनं त्यांना सलाम घातला. बायकांनी माना खाली घातल्या, कारण वाळीत पडलेल्या घराच्या सलामाला उत्तर द्यायचं नसतं. ती वेशीकडे गेली. बाकांवर पुरुष होते. ती बलीदसमोर उभी राहिली आणि त्याला विचारलं, "तू कोणाचा रे?"

बलीदला तिनंच न्हाऊ-माखू घातलं होतं. जिनं आपल्याला वाढताना पाहिलं तिनं तू कोणाचा विचारणं, याहून मोठा अपमान आमच्यात नाही. बलीदला वाटलं, वाळीत टाकल्याचा राग ही म्हातारी चारचौघांत काढते आहे. तो लाल झाला आणि तोंड फिरवून बसला. मग तिनं दा लुनीसला विचारलं, माझ्या आईचं घर कुठल्या अंगाला. तेही बोलले नाहीत. तिचं माहेर दरीपलीकडे होतं, तिथली वस्ती ओसाड पडून जमाना झाला, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांना तोही टोमणाच वाटला. धुकं उतरत होतं. ती दरीच्या वाटेनं गेली आणि सगळ्यांनी ती जाताना पाहिली.

मल्हा जागी झाली ती थेट वेशीवर धावत आली, डोक्यावर रुमाल नाही. "तिला कोणी पाहिलं का? तिला काही आठवत नाही. कोणी पाहिलं का?"

कोणी बोललं नाही. पाहिलं सगळ्यांनी होतं. ठराव मोडून पहिलं तोंड कोणी उघडायचं, म्हणून एकमेकांकडे बघत राहिले. मल्हानं पुन्हा विचारलं. तेव्हा बलीदनं तोंड न उघडता दरीकडे हात केला.

दा लुनीस उठून उभे राहिले. "बोला रे," ते म्हणाले. "बोला तिच्याशी."

मग सगळे बोलले. गावातले पुरुष हाका मारत दरीत उतरले. त्या हाका शाळेत ऐकू गेल्या. नुआराबाई खिडकीशी गेल्या, कोणाच्या नावानं ओरडताहेत ते त्यांनी ऐकलं. देहबिया गणिताचा पेपर लिहीत होती, डोकं वर न करता. बाईंनी खिडकी लावून घेतली आणि तिचा पेपर पुरा होऊ दिला. नंतर वर्गाच्या दारात त्यांनी तिला सांगितलं. धुक्यामुळे त्या दिवशी काही हाती लागलं नाही. दुसऱ्या सकाळी घनिमा ओढ्याकाठी सापडली, दगडाला टेकून बसलेली.

मयताला सगळं गाव लोटलं. ज्यांनी महिनाभर लाकूड दिलं नव्हतं त्यांनी अंगणात लाकडांचा ढीग घातला. रव्याच्या कुसकुसाची परात घरोघरून आली. उरलेली जैतुणं दोन दिवसांत वेचून पुरुषांनी घाण्यावर पोचवली. दा लुनीस मल्हासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "एक शब्द टाकला असतास, मल्हा."

"कोणाजवळ?" ती म्हणाली.

नुआराबाई आल्या तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली, की हिनं पोरीला बसवून ठेवलं. मीही मनातून रागावले होते. मल्हानं त्यांना जवळ बसायला जागा केली. "पेपर पुरा झाला?" तिनं विचारलं. बाईंनी मान डोलावली. "मग झालं," मल्हा म्हणाली, आणि त्यावर कधीच काही बोलली नाही.

शाळा आणि गावाचा करार पुढेही चालला. लाकडं दिली जातात, बाप वर्गात बसतात, टीव्ही बंद असतो. मुलाच्या गैरहजेरीवरून वाळीत टाकण्याचं कलम दा लुनीसनी त्याच शुक्रवारी काढून टाकलं, आणि त्या दिवसापासून पोर आली नाही तर आधी एक बाई त्या घरात जाऊन बसते. बरीच वर्षं ती बाई मी होते. देहबिया तिसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ लागली. घरी थांबायचं कारण उरलं नव्हतं. जूनमध्ये ती पास झाली आणि खालच्या शहरातल्या शाळेत गेली. गणितात तिला चांगले गुण पडायचे, पण पाढे ती मोठ्यानं कधी म्हणत नसे. कुठल्याही बाईंनी सांगितलं तरी नाही.

मुकरानची आई घनिमा त्या वर्षी डिसेंबरातल्या मंगळवारी घराबाहेर पडली आणि त्याच रात्री दरीतल्या ओढ्याकाठी थंडीनं वारली.