मधल्या आळीची लितानी

कोण कोणाच्या मयताला आलं आणि कोण नुसते चणे खाऊन सटकलं, हे भुईगावच्या मार्थाला तोंडपाठ होतं. तरी त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी आळीच्या क्रुसापाशी तिला तेराच माणसं मोजता आली. मधल्या आळीत घरं उरली होती सात. चर्चच्या पॅरिश कौन्सिलने ठरवलेलं, क्रुसापाशी पंचवीस माणसं जमली नाहीत, तर पुढल्या वर्षापासून ही लितानी, संतांची नावं घेत म्हणायची ही प्रार्थना, शेजारच्या वाडीत. मोजायला कौन्सिलचे थॉमस आले होते, अर्धा तास आधीच. एरवी हा माणूस चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेलाही उशिरा येई.

"मार्थाबाय, व्हायोलिनवालाही नाही?"

"येतोय. सूर कानावर पडला की माणसं घरात थांबत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. नालासोपाऱ्याचा जेसन, व्हायोलिनवाला.

"आन्टी, मधल्या आळीत पोचलो, पण इथे क्रूसच नाहीये. देऊळ आहे."

मार्थाने कपाळाला हात लावला. "मधल्या आळीत ये, कुणालाही विचार," एवढंच तिने सांगितलं होतं. जन्मात तिने गावाचं नाव जोडलं नव्हतं. तिच्या लेखी जगात मधली आळी एकच. रिक्षावाल्याने त्याला आगाशीच्या मधल्या आळीत उतरवलं होतं.

"तिथे कोणी मोठं माणूस आहे? फोन दे."

फोनवर वसुंधराबाई आल्या. "अहो, पोराला चहा दिलाय. तुमच्याकडे काय आहे आज?"

मार्थाने लाज गुंडाळून ठेवली आणि सगळं सांगितलं, आकड्यासकट.

"बारा कमी? अगंबाई! थांबा. आमचा टेम्पो रिकामाच आहे."

पाऊण तासाने टेम्पोतून जेसन उतरला आणि त्याच्यामागून वसुंधराबाईंसह आगाशीची तेरा माणसं, केळीचा घड घेऊन.

थॉमस म्हणाले, "ही आपली माणसं नव्हेत."

मार्था म्हणाली, "कौन्सिलच्या कागदात काय आहे? क्रुसापाशी पंचवीस माणसं. क्रूस हा. माणसं ही. सत्तावीस भरतात, मोजा."

थॉमसनी मोजली. दोनदा.

व्हायोलिन सुरू झालं. संतांच्या पहिल्या दोन नावांना आगाशीकर नुसते ऐकत होते. तिसऱ्याला वसुंधराबाईंनी "आम्हांसाठी विनंती कर" असा खणखणीत सूर लावला, आणि आळी दणाणली. थॉमसनी कागदावर सही केली.

चणे वाटताना वसुंधराबाई म्हणाल्या, "दत्तजयंतीला आमची पालखी निघते. पोरं सगळी शहरात. खांदे कमी पडतात हो."

मार्थाने कुणाला विचारलं नाही. "सातही घरं येतील," म्हणाली. मग चण्यांचा द्रोण थॉमसच्या हातात ठेवत, "आणि हे आमचे थॉमसदादा. उंच आहेत, पुढल्या दांडीला धरा."