छपरावरचा काळा डाग

रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी अंगणातला रस्ता मोकळा करताना मी वर पाहिलं. सगळं छप्पर पांढरंशुभ्र, फक्त सासूबाईंच्या खोलीवर ताटाएवढा काळा डाग.

"बघ, घरातली ऊब तिथून निसटतेय," मी नवऱ्यावर डाफरले. "माळ्यावरचं ऊब धरून ठेवणारं इन्सुलेशन कधीच कामातून गेलंय. बदल म्हणून कानीकपाळी ओरडतेय मी!"

"उन्हाळ्यात बदलू गं. आईची तरी कुठे तक्रार आहे? उलट कालपासून तिने हीटरसुद्धा बंद केलाय. म्हणाली, खोली आपोआपच छान उबदार राहते."

माझ्या हातातलं फावडं गळून पडलं.

"हीटर बंद आहे? मग वरचा बर्फ कशाने वितळला?"

तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या खोलीच्या दिव्याची जुनी वायर माळ्यावर, इन्सुलेशनच्या खालूनच गेली होती.

डागातून बारीक वाफ निघत होती. वाफ म्हणावी, तर तिला जळका वास होता.

आम्ही आत धावलो. मी दोन्ही हातांनी दार बडवलं, जिवाच्या आकांताने हाका मारल्या. दाराला आतून कडी होती. आणि झोपताना सासूबाई कानातलं मशीन काढून ठेवतात.