पुसलेला तास

गणिताच्या बाईंना त्या माणसाचा पहिला संशय आला तो त्याच्या बुटांवरून. शाळेत कोण येतंय हे त्या पावलांवरून ओळखत. मुख्याध्यापक टाचा आपटत येत, शिपाई चपला फरफटत. हा मात्र रबरी तळव्यांचे बूट घालायचा आणि पाठीशी येऊन उभा राहिला तरी पत्ता लागायचा नाही. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव ‘मांजर’ पडलं.

तो प्रशिक्षक होता. वर्गावर्गांत नवे डिजिटल पडदे बसले होते, प्रत्येक शिक्षकाला टॅबलेट मिळाला होता, आणि ते वापरायला शिकवणं, शिवाय शिकवण्यात काही सुधारणा सुचवणं हे त्याचं काम. पण पुढच्या वर्षी सहावीच्या दोन तुकड्या एक होणार, गणिताचा एक शिक्षक जादा ठरणार, अशी कुजबुज त्याच सुमारास सुरू झाली होती. बाईंनी या दोन गोष्टींची बेरीज केली. बेरीज करणं हा त्यांचा पेशाच होता.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी नणंदेला सांगितलं. नणंदही शिक्षिकाच, दुसऱ्या शाळेत. वरच्या मजल्यावर राहायची, पण चहाला खालीच असायची.

“वहिनी, आमच्याकडेही असाच एक आला होता,” ती म्हणाली. “गोड बोलायचा. तो गेला आणि महिन्याभरात आमच्या चित्रकलेच्या सरांना नारळ मिळाला.”

“त्याच्यामुळे?”

“ते कोण सांगणार? पण असल्या माणसापासून आपण चार हात लांब राहावं.”

बाई लांब राहिल्या. प्रशिक्षकाने वर्गात बसू का विचारलं, की चाचणी आहे, उजळणी आहे, घसा बसलाय, अशी कारणं तयार असत. शेवटी मुख्याध्यापकांनीच दिवस ठरवून दिला तेव्हा नाइलाज झाला.

तो मागच्या बाकावर बसला, हाताची घडी घालून. बाईंना वाटलं होतं, तो आपल्याकडे टक लावून बघेल. पण तो बघत होता मुलांकडे. सबंध तासभर. याचा त्यांना जास्तच राग आला. तपासायला आलास तर मला तपास की! तास संपल्यावर त्याने इतकंच विचारलं, “बाई, खिडकीकडच्या रांगेत कोण मुलं बसतात?”

“मुलंच बसतात,” बाई म्हणाल्या आणि खडू पेटीत टाकून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. चूक अशी त्याने एकही सांगितली नाही. फळ्यावरची आकृती सुंदर होती म्हणाला, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो म्हणाला. नणंदेने सांगितलेलं ते गोड बोलणं बाईंना आठवलं. मग तो मुद्द्यावर आला.

“एक तास टॅबलेटच्या कॅमेऱ्यात टिपू या. तुम्ही एकट्यांनीच बघायचा. मीसुद्धा बघणार नाही. बघून झाला की पुसून टाका.”

“मग तुम्हाला त्यातून काय मिळणार?”

“तुम्हाला काही विचारावंसं वाटलं तर विचाराल. नाही वाटलं तर राहिलं.”

एवढा निःस्वार्थी माणूस बाईंनी आजवर पाहिला नव्हता, म्हणून त्यांचा विश्वास बसेना. पण बाकीच्या पाच जणांनी तास टिपून घेतले होते. आपण एकट्याच अडून बसलो तर तेही नजरेत येणार. त्यांनी होकार दिला.

त्या दिवशी विषय होता अपूर्णांक. छेदापेक्षा अंश मोठा असतो त्यांचा. मुलांना अंशाधिक हा शब्द काही केल्या लक्षात राहीना, तेव्हा बाईंच्या तोंडून सहज निघून गेलं, “अरे, डोक्यावर जास्त ओझं आहे ना? मग डोईजड अपूर्णांक म्हणा!” वर्ग खोखो हसला. दार लावलेलं होतं. प्रशिक्षक तर शाळेतच नव्हता.

शाळा सुटल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी तास बघितला. आधी आपलेच खांदे, आपलीच साडी, आपला आवाज हा इतका चिरका आहे की काय, यातच पाच मिनिटं गेली. मग त्यांना दिसलं. त्या प्रश्न विचारत होत्या, आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही त्याच देत होत्या. प्रत्येक वेळी. विचारलं, सांगितलं, पुढे. खिडकीकडच्या रांगेत एक मुलगी बसली होती. तिचा हात कोपरापर्यंत वर यायचा, तेवढ्यात बाई उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या, आणि हात खाली जायचा. तासाच्या शेवटी तर तिने हात वर करणंच सोडून दिलं होतं.

बाईंची कानशिलं तापली. इतकी वर्षं आपण वर्गाला शिकवतो असं त्या समजत होत्या. इथे तर त्या स्वतःशीच गप्पा मारत होत्या.

त्यांनी तास पुसला. कोणाला काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारून गप्प राहिल्या. ती शांतता भयंकर होती. जिभेवर उत्तर वळवळत होतं, ते त्यांनी दाताखाली धरून ठेवलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाईंना बरं नाही की काय, असं एकाने हळूच विचारलंसुद्धा. आणि मग खिडकीकडून आवाज आला, “बाई, सात चतुर्थांश म्हणजे एक पूर्ण आणि वर तीन तुकडे. हो ना?”

हो ना, म्हणत बाईंनी तिचं उत्तर फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी त्यांनी प्रशिक्षकाला स्वतःहून गाठलं आणि विचारलं, “प्रश्न विचारल्यावर किती थांबायचं हो?” त्याने बराच वेळ बसून सांगितलं, आणि नीट सांगितलं. पडद्यावर प्रश्न ठेवून सगळ्यांनी आधी वहीत उत्तर लिहायचं ही युक्तीही त्याचीच. बाईंना वाटलं, आपण उगाच माणसावर संशय घेतला.

हे वाटणं शुक्रवारपर्यंत टिकलं.

शुक्रवारी मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत आले, चहाचा कप उचलला आणि हसत हसत म्हणाले, “काय बाई, तुमचे डोईजड अपूर्णांक काय म्हणतात?”

बाई हसल्या. हसता हसताच थबकल्या. तो शब्द त्यांनी एकदाच उच्चारला होता. बंद दाराआड. आणि तो तास त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता.

मुलांनी घरी सांगितलं असेल, पालकांनी इथे, अशी त्यांनी मनाची समजूत घालून बघितली. घरी नणंदेने ती समजूत एका वाक्यात मोडली. “पुसलं म्हणजे पुसलं जातं का वहिनी? तो काय फळा आहे?”

सोमवारी प्रशिक्षक पायऱ्यांवर भेटला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. “माझा तास मुख्याध्यापकांना कोणी दाखवला?”

त्याचा चेहरा उतरला. खरा की खोटा, बाई निरखून बघत होत्या. त्याने त्यांचा टॅबलेट मागून घेतला, उभ्या उभ्या काहीतरी चाळलं आणि तो पायरीवरच बसला. “हे सगळे टॅबलेट शाळेच्या खात्याला जोडलेत. तुम्ही काहीही टिपलं की त्याची एक प्रत आपोआप शाळेच्या संगणकावर जाते. तुम्ही इथून पुसलं तरी ती तिथे राहते.”

“आणि तो संगणक मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतो.”

“हो.”

“हे तुम्हाला आज कळतंय? हेच शिकवायला येता ना तुम्ही?”

“मी आलो तेव्हा ते जोडलेलेच होते. मी तपासायला हवं होतं.”

“हवं होतं,” बाई म्हणाल्या. “चला. आत्ता माझ्यासमोर त्यांना विचारा.”

मुख्याध्यापक अजिबात गडबडले नाहीत. “शाळेची वस्तू, शाळेचा वर्ग. मी बघितलं तर बिघडलं कुठे? आणि लपवायचंय काय?”

“लपवायचं काही नाही,” बाई म्हणाल्या. “मग तुमचा नागरिकशास्त्राचा तासही टिपू या. सगळे मिळून बघू.”

“आता माझं शिकायचं वय आहे का?”

“माझ्याहून दोनच वर्षांनी तर मोठे आहात.”

मुख्याध्यापकांनी मान वळवली. “तुम्ही काय म्हणता प्रशिक्षक? पुढच्या वर्षीची तुमची शिफारस मलाच करायची आहे, म्हणून विचारतो.”

प्रशिक्षकाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. बाईंना वाटलं, बस्, आता हा माघार घेणार. मांजर शेवटी उबेलाच जाऊन बसणार.

“मी यांना सांगितलं होतं की दुसरं कोणी बघणार नाही,” तो अखेर म्हणाला. आवाज नेहमीसारखाच हळू होता. “माझा शब्द खोटा पडला. त्या प्रती काढून टाका, आणि टॅबलेट शाळेच्या खात्यावरून मोकळे करा. नाहीतर आजच सगळ्या शिक्षकांना सांगून मी हे काम थांबवतो.”

“बघू,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट घडली. मुख्याध्यापक स्वतःच एक टॅबलेट घेऊन नागरिकशास्त्राच्या तासाला गेले, आणि नंतर खोलीचं दार लावून बराच वेळ आत बसून राहिले. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना आणि प्रशिक्षकाला बोलावलं, त्यांच्यासमोर सगळ्या प्रती पुसायला लावल्या, टॅबलेट शाळेच्या खात्यावरून सोडवून घेतले. बाई निघाल्या तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी फार बोलतो हो वर्गात. पोरांना जांभया द्यायलाही वाव नाही.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

वर्षअखेर तुकड्या एक झाल्या. बाईंची नोकरी गेली नाही, पण वरच्या इयत्तेचा एक वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला गेला. कारण विचारलं तर वेळापत्रकाची अडचण. बाईंनी ते कारण अर्धंच मानलं. उरलेला अर्धा भाग त्या टिपलेल्या तासाचा होता, की मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या त्या बोलण्याचा, हे त्यांना कधीच कळलं नाही.

प्रशिक्षकाची शिफारस झाली की नाही कोण जाणे, पण नव्या वर्षी तो पुन्हा दिसला. जिन्यात थांबून त्याने विचारलं, “बाई, माझ्यावरचा राग गेला का?”

“राग नव्हताच. संशय होता.”

“तो गेला?”

बाईंनी विचार केला. त्या माणसाने चष्मा पुसायला घेतलेला वेळ त्यांना अजून आठवत होता. त्याला आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हेही त्या छातीठोकपणे सांगू शकल्या नसत्या. आणि या माणसाकडून त्या जे शिकल्या होत्या, ते दुसऱ्या कोणीच त्यांना शिकवलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

“पूर्ण नाही,” त्या म्हणाल्या. “पण सोमवारी दशांश सुरू करतेय. दुसऱ्या तासाला या. मुलं कुठे अडकतात ते बघा आणि मला सांगा. गोड बोलू नका मात्र.”

सोमवारी तो आला. बाईंनी दार लावून घेतलं, पडद्यावर पहिला प्रश्न ठेवला, आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.