तिसरी मोटर

उद्या शाळा उघडणार, आणि शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बुप्पाच्या गाडीचं दार बटण दाबून लॉक होईना. चियांगमाईच्या विचित नावाच्या मेकॅनिकने ऐटीत स्कॅनर लावला. ‘लॉकचं सर्किट तुटलं,’ पडद्यावर उमटलं.

"मोटर गेली, ताई."

"दोन तू आधीच बदलल्यास. तुझा डबा दुखणं सांगतो, कुठे दुखतंय ते नाही. दार उघड-मीट, पडद्याकडे बघ."

दार मिटलं की सिग्नल क्षणभर येई, उघडलं की जाई. बिजागरीपाशी वायरींच्या रबरी नळीवर मंत्रवलेला पांढरा दोरा करकचून बांधला होता. त्यामुळे दार उघडताना आतली वायर ताणली जाऊन तुटली होती; दार मिटलं की टोकं जेमतेम टेकत.

"कुणी बांधला हा?"

दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीला शुभ म्हणून दोरा बांधणाऱ्या विचितने दोऱ्याची रीळ हळूच खिशात सरकवली.

"वायर जोड," बुप्पा म्हणाली, "आणि दोरा त्या स्कॅनरला बांध. त्याला गरज आहे."